मेकाँगच्या मुखाशी एक दिवस

नदी समुद्रास मिळाली की तिचा शेवट झाला, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु काही नद्या अशा आहेत की, त्यांचे सर्वांत मोठे कार्य त्या शेवटाशीच सुरू होते. दूरवरून वाहून आणलेला गाळ त्या समुद्राच्या उंबरठ्यावर टाकतात. त्या गाळाची जमीन होते, जमिनीवर रान माजते, रान तोडून माणूस शेत करतो आणि शेताच्या कडेला गाव वसते. अशा भूमीला भूगोलाच्या पुस्तकात ‘त्रिभुज प्रदेश’ म्हणतात. नाईल नदीच्या मुखाकडील भूमी ग्रीक वर्णमालेतील ‘डेल्टा’ या त्रिकोणी अक्षरासारखी दिसते, म्हणून ग्रीकांनी तिला ते नाव दिले, आणि पुढे ते सर्वच नद्यांना लागू झाले. प्रस्तुत लेखात आम्ही व्हिएटनामच्या दक्षिण टोकाशी असलेल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशाचे वर्णन करणार आहोत, आणि तेही एका विशिष्ट बाजूने. मोठ्या पर्यटन-जहाजांतून येणारे उतारू तेथील गावांत एक दिवस घालवितात. त्या एका दिवसात त्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या गोव्यातील विद्यार्थ्यांना असे उतारू नवीन नाहीत. मुरगाव बंदराला पांढरेशुभ्र जहाज लागते, सकाळी बसगाड्यांची रांग निघते. जुन्या गोव्यातील चर्चे, फोंड्याकडील एखादी मसाल्याची बाग, तेथेच जेवण, आणि दिवेलागणीपूर्वी सर्व मंडळी पुन्हा जहाजावर. आपल्या शेतावरून ती गाडी जाते तेव्हा आत बसलेल्या माणसाला आपल्याविषयी कितीसे समजले असेल, हा प्रश्न ज्याच्या मनात कधी आला असेल, त्याला पुढील हकिकत परकी वाटणार नाही.

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. मेकाँग तिबेटच्या पठारावर उगम पावते आणि चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएटनाम या सहा देशांतून किंवा त्यांच्या सीमांवरून सव्वाचार हजारांहून अधिक किलोमीटर वाहत दक्षिणेस येते. कंबोडियाच्या राजधानीपाशी, नोम पेन्ह येथे, तिचे दोन फाटे होतात. व्हिएटनामी लोक एकाला ‘तिएन’ म्हणजे पुढची नदी आणि दुसऱ्याला ‘हाउ’ म्हणजे मागची नदी म्हणतात. पुढे या फाट्यांनाही फाटे फुटतात. समुद्राशी पोहोचेपर्यंत नऊ मुखे होतात असा जुना हिशेब, म्हणून नदीचे तेथील नाव ‘कुउ लाँग’, म्हणजे नऊ ड्रॅगन. हा ड्रॅगन पाश्चात्त्य गोष्टींतील आग ओकणारा राक्षस नव्हे. तो पाऊस व समृद्धी देणारा मंगल प्राणी होय. नऊ हा आकडाही तिकडे शुभ मानतात. वस्तुतः आज नवाही मुखे मोकळी नाहीत. एक गाळाने बुजले आहे आणि ‘बा लाइ’ नावाच्या दुसऱ्यावर माणसानेच बांध घातला आहे. तो का घातला, हे पुढे येईलच. नाव मात्र कोणी बदलले नाही.

सुमारे सात हजार वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. त्याचा किनारा आजच्यापेक्षा दोनशेहून अधिक किलोमीटर आत होता. मधली सर्व भूमी नदीने घडविली. ती कशी घडली, हे समजणे कठीण नाही. वेगाने वाहणारे पाणी माती अधांतरी धरून ठेवते. वेग मंदावला की माती तळाशी बसू लागते. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण मात्र गोड्या पाण्यात परस्परांना दूर लोटीत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच मिठामुळे त्यांचे हे दूर लोटणे ओसरते, ते एकमेकांस चिकटून जड होतात आणि खाली बसतात. म्हणजे जमीन तयार करण्याच्या कामात नदीबरोबर समुद्राचाही हात असतो. व्हिएटनाममधील या प्रदेशाचे क्षेत्र सुमारे ४०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दहापटींहून अधिक आहे, आणि तेथे पावणेदोन कोटींच्या आसपास लोक राहतात. देशातील निम्म्याहून अधिक तांदूळ येथे पिकतो. परदेशी जाणारा तांदूळ तर बहुतेक सारा येथलाच.

आता उतारूंच्या मागोमाग जाऊ. मोठे जहाज सहसा सायगाव शहरापर्यंत जात नाही. ते फू मी येथील मालबंदराला लागते. सायगावचे नाव १९७६ पासून हो चि मिन्ह नगर झाले आहे, आणि १ जुलै २०२५ रोजी प्रांतांची नवी मांडणी झाली तेव्हा फू मीदेखील त्याच महानगरात समाविष्ट झाले. जहाजाच्या सज्जावरून दिसतात त्या यारी आणि लोखंडी पेट्यांच्या उतरंडी. गावे पाहावयाची तर आधी बसमध्ये दोन-अडीच तास बसावे लागते, आणि परतताना पुन्हा तेवढेच. नऊ-दहा तासांच्या सहलीतील निम्मा वेळ अशा रीतीने खिडकीशीच जातो.

तो वायाच जातो असे मात्र नाही. महानगर मागे पडले की दोन्ही बाजूंस भातशेते लागतात, आणि शेतांच्या मधोमध घरातील मृतांच्या पक्क्या, रंगविलेल्या समाध्या दिसतात. पूर्वज शेतातच असल्यामुळे ती जमीन विकणे जिवावर येते. २०१० साली खुला झालेला रुंद द्रुतगती मार्ग येथून जातो. त्यापूर्वी फार वर्षे, १८८५ साली, फ्रेंचांनी सायगाव ते मी थो अशी सत्तर किलोमीटरांची आगगाडी सुरू केली होती. त्या देशातील ती पहिली आगगाडी. १९५८ साली ती बंद पडली.

मी थो हे तिएन नदीवरचे जुने बंदर. चीनमध्ये मिंग घराण्याची सत्ता गेल्यावर तिच्याशी एकनिष्ठ राहिलेले काही लोक १६७९ साली गलबतांतून दक्षिणेस आले आणि येथे स्थायिक झाले. आजच्या नव्या मांडणीत हे गाव दोंग थाप प्रांताचे मुख्य ठाणे आहे, आणि समोरच्या काठावरचा बेन त्रे प्रांत विन्ह लाँग प्रांतात विलीन झाला आहे. आम्ही या लेखात सोयीसाठी जुनीच नावे वापरीत आहोत. येथे बस बहुधा विन्ह त्रांग या बौद्ध मठापाशी थांबते. १८४९ साली उभ्या राहिलेल्या या मठाच्या दर्शनी भागावर चिनी छपरे, युरोपीय कमानी आणि व्हिएटनामी कोरीवकाम एकत्र नांदते. अर्ध्या तासात छायाचित्रे होतात आणि मंडळी धक्क्यावर येतात.

येथे इंजिनाची होडी मिळते. तिच्या नाळेवर दोन मोठे डोळे रंगविलेले असतात. होडीला वाट दिसावी आणि पाण्यातील दुष्ट जीव दूर राहावेत, ही त्यामागील समजूत. पात्र विस्तीर्ण, पाणी गढूळ तांबूस. पाहुण्यांपैकी कोणी तरी त्याला घाण म्हणतोच. वास्तविक तो रंग म्हणजे मातीचा, आणि त्या मातीनेच पायांखालचा सारा प्रदेश घडविला आहे. पात्रात चार बेटे आहेत. ड्रॅगन, एकशिंगी, कासव आणि फिनिक्स या चार मंगल प्राण्यांची नावे त्यांना दिली आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठे थोइ सन, म्हणजेच एकशिंगीचे बेट. १७८५ च्या जानेवारीत याच बेटाच्या आडोशाला व दोन्ही काठांवर दबा धरून न्ग्विएन हुए या सेनापतीने सयामचे मोठे आरमार एका रात्रीत उद्ध्वस्त केले. फिनिक्स बेटाची गोष्ट वेगळीच आहे. फ्रान्समध्ये रसायनशास्त्र शिकून आलेले न्ग्विएन थान्ह नाम (१९०९–१९९०) हे गृहस्थ तेथे मठ करून राहिले. ते केवळ नारळावर जगत, अशी ख्याती होती. म्हणून लोक त्यांना ‘नारळबाबा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. युद्ध चालू असता ते शांततेचा उपदेश करीत राहिले. १९७५ नंतर त्यांच्या पंथावर बंदी आली. त्यांचे ड्रॅगनांनी मढविलेले खांब अजून उभे आहेत.

पलीकडचा काठ बेन त्रेचा, आणि बेन त्रे म्हणजे माडांचा मुलूख. सत्तर हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर तेथे माड आहेत. नारळाची वडी करण्याचे छोटे कारखाने उतारूंना हटकून दाखवितात, आणि आमच्या मते संपूर्ण दिवसात जर काही खरोखर मन लावून पाहण्याजोगे असेल तर ते हेच. सुळक्यावर नारळ सोलतात, फोडतात, खोबरे किसून त्याचा घट्ट रस काढतात. त्यात साखर आणि मोड आणलेल्या धान्याचा गोड अर्क घालून मोठ्या कढईत तो रस आटवितात आणि सारखा घोटतात. तळाशी लागला तर सगळा घाणा फुकट. घट्ट झालेला गोळा लाकडी साच्यात दाबून त्याच्या लांब पट्ट्या पाडतात, पट्ट्यांचे तुकडे करतात, आणि मग बाया ते तुकडे तांदळाच्या पातळ, पारदर्शक कागदात गुंडाळतात. तो कागद वडीबरोबर खावयाचा असतो. कित्येक परदेशी पाहुणे तो सोलू पाहतात आणि त्या हसतात. आपल्याकडील खोबऱ्याच्या वडीसारखी ती खुसखुशीत नसते. दाताला चिकटणारी, चिवट असते. करवंट्यांचे वाडगे व कोळसा, सोडणांचा काथ्या, झावळ्यांचे छप्पर, खोडाचे पूल. माडाचे काहीही टाकावयाचे नाही, हे कोकणी माणसाला सांगावयास नकोच.

त्यानंतर येते ती छायाचित्रांतून सर्वत्र पोहोचलेली वल्ह्यांची सफर. अरुंद कालव्यात लहानशी होडी, पुढे-मागे वल्हे मारणाऱ्या शंकूच्या टोपीतल्या बाया, मध्ये तीन-चार पाहुणे, आणि दोन्ही बाजूंनी पाण्यातूनच उगवलेल्या निपा नावाच्या बुटक्या ताडाच्या झावळ्यांची कमान. हा ताड खाऱ्या-गोड्या मिश्र पाण्यात वाढतो, काठाची माती मुळांनी धरून ठेवतो आणि त्याच्या झावळ्यांनी घरे शाकारतात. पाहुण्यांना कालवा स्तब्ध वाटतो. तो स्तब्ध नसतो. समुद्र येथून पन्नासेक किलोमीटर दूर असूनही भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येथपर्यंत पोहोचते. ओहोटीला लहान कालव्यांत चिखलच उरतो. म्हणून सहलीचे वेळापत्रक जहाजाच्या कचेरीत ठरत असले तरी होडी केव्हा निघणार, हे चंद्रावर अवलंबून असते.

या कालव्यांपैकी पुष्कळसे नदीचे नव्हेत, माणसाचे आहेत. पश्चिमेकडे ओक एओ येथे लुई मालेरे या फ्रेंच संशोधकाने १९४४ साली उत्खनन केले, तेव्हा प्राचीन कालव्यांनी जोडलेले एक व्यापारी नगर उजेडात आले. तेथे ब्राह्मी लिपीतील मुद्रा सापडल्या आणि रोमन सम्राट अँटोनिनस पायस याच्या नावाचे सुवर्णपदकही सापडले. आपल्या देशातील व्यापारी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी याच चिखलातून वल्ही मारीत गेले असले पाहिजेत. पुढे १८१९ ते १८२४ या काळात व्हिएटनामी राजांनी सक्तीच्या मजुरांकडून विन्ह ते हा प्रचंड कालवा खणविला. त्यात असंख्य माणसे मेली. मी थोजवळचा चो गाओ कालवा फ्रेंचांच्या अमदानीतील, १८७७ सालचा. सायगावकडे जाणारी तांदळाची पडावे आजही त्याच वाटेने जातात.

दुपारच्या जेवणात ‘हत्तीच्या कानाचा मासा’ असतो. चपटा, मोठा मासा अख्खा तळून लाकडी घोडीवर उभा करून आणतात. त्याचे तुकडे पालेभाजीबरोबर तांदळाच्या कागदात गुंडाळून खातात. मग फळे, मधाचा चहा आणि गाणे. या गाण्याला ‘दोन का ताइ तू’ म्हणतात. ‘ताइ तू’ म्हणजे हौशी. दिवसाचे काम उरकल्यावर चार स्नेही अंगणात बसतात, कोणी तंतुवाद्य घेतो, कोणी गातो, आणि तासच्या तास जातात, असा हा प्रकार. २०१३ साली युनेस्कोने त्याची मानवजातीच्या वारशात नोंद केली. पाहुण्यांना तो वीस मिनिटांत, अननसाच्या फोडी खात ऐकावा लागतो. गाणाऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात, याचा राग मानण्याचे कारण नाही. पण रात्रीच्या गायनाला भरदुपारी टाळ्या पडतात तेव्हा त्याचे काही तरी हरवते, हेही खरे.

जेवणघराच्या मागे, घराच्या वळचणीला, एक गोष्ट असते. तिच्याकडे वाटाड्या सहसा बोट दाखवीत नाही. माणसाच्या छातीइतके उंच रांजण ओळीने उभे असतात. पन्हाळीचे पाणी त्यांत उतरते. ज्या घराच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे, त्याने पावसाचे पाणी साठवून का ठेवावे? या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या प्रदेशाचे सारे संकट आले आहे.

जहाजे येतात ती बहुधा कोरड्या हवेच्या महिन्यांत. आकाश निरभ्र, ऊन सुखाचे. पाहुणे हवेची स्तुती करतात. परंतु याच काळात नदीचे पाणी ओसरते आणि समुद्राचे पाणी भरतीबरोबर वर चढू लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. त्यात ४ ग्रॅम उरले तरी ते पाणी भाताच्या रोपाला सोसत नाही. फळझाडांना तर त्याहून थोडेही पुरे होते. नदीचा जोर हाच या खाऱ्या पाण्याला परतवून लावणारा एकमेव पहारा. पावसाळ्यात मेकाँगला इतके पाणी येते की, कंबोडियातील तोनले साप या सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर अनेक पटींनी फुगते. कोरड्या दिवसांत तेच पाणी हळूहळू खाली येऊन खारेपणाला मागे रेटते. निसर्गाने बांधलेली ही एक टाकीच म्हणावयाची.

पाऊस चुकला की टाकी भरत नाही. २०१६ च्या आरंभी तसेच झाले; खारे पाणी काही ठिकाणी ९० किलोमीटरपर्यंत आत शिरले. २०२० साली त्याहूनही वाईट वेळ आली, आणि त्या मार्चमध्ये बेन त्रे व मी थोचा तिएन जियांग यांसह पाच प्रांतांनी आणीबाणी जाहीर केली. माड थोडेबहुत खारे पाणी सोसतो, ड्युरियनसारखी झाडे सोसत नाहीत. दहा-दहा वर्षे वाढविलेल्या बागा वाळल्या. पिण्याचे पाणी पडावांतून आणि टाक्यांतून आणावे लागले. रांजण कशासाठी, ते आता उघड आहे.

दोष केवळ पावसावर टाकता येत नाही. चीनने मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर १९९० नंतर एकामागून एक मोठी धरणे बांधली. लाओसमध्ये २०१९ साली शायाबुरी धरण सुरू झाले. उपनद्यांवरची तर पुष्कळच. धरण पाणी आज ना उद्या सोडते, पण गाळ अडवून ठेवते. जो गाळ सात हजार वर्षे जमीन घडवीत होता, त्याचा मोठा भाग आता मुखापर्यंत पोहोचतच नाही. जो पोहोचतो त्यातली वाळू रस्त्यांसाठी व इमारतींसाठी उपसली जाते. त्यामुळे पात्र खोल होते, काठ ढासळतात, घरे नदीत जातात, आणि खोल पात्रातून खारे पाणी अधिक सहज वर येते. कोवळ्या गाळाची जमीन स्वभावतःच बसत असते. वरून नवा थर पडत राहिला तर ती सावरते. थर बंद झाला, आणि त्यात विहिरींतून भूजलाचा बेसुमार उपसा, म्हणून कित्येक ठिकाणी जमीन वर्षाला एक सेंटीमीटरहून अधिक खचत आहे. समुद्र वर चढतो त्यापेक्षा हा वेग जास्त आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या प्रदेशाची समुद्रसपाटीपासून सरासरी उंची सुमारे ८० सेंटीमीटर ठरविली. पूर्वीच्या नकाशांत ती अडीच मीटरांच्या वर धरली जाई. आठवीतल्या मुलाच्या कमरेएवढी ही उंची.

बा लाइ मुखावरचा बांध आता समजेल. खारे पाणी बाहेर ठेवावे आणि आत गोड्या पाण्याचा साठा करावा, म्हणून २००२ च्या सुमारास तो पुरा झाला. आपल्या चोडण-दिवाडीच्या खाजण शेतीत बांध आणि ‘मानस’ हेच काम करतात. ओहोटीला मानसीची लाकडी दारे बाहेरच्या बाजूस उघडून आतले पाणी जाऊ देतात आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. प्रमाण वेगळे, युक्ती तीच. मात्र बांधाची दुसरी बाजूही असते. अडलेले पाणी साचून खराब होते, मासळीची ये-जा थांबते आणि पलीकडच्या गावांतील खारेपणाचे दुखणे तसेच राहते. बांधाच्या आतला शेतकरी आणि बाहेरचा कोळंबीवाला यांचे हित एक नसते. खाजणाच्या काठी राहणाऱ्यांना हा तंटा समजावून सांगावा लागणार नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हिएटनाम सरकारने या प्रदेशासाठी नवे धोरण ठरविले. प्रत्येक ठिकाणी भातच पिकविण्याचा हट्ट सोडावा. खाऱ्या पाण्याला केवळ शत्रू न मानता जेथे ते येते तेथे त्याचाही उपयोग करावा, असा त्याचा आशय आहे. किनाऱ्याकडील पुष्कळ शेतांत पावसाळ्यात भात आणि कोरड्या दिवसांत कोळंबी, अशी पाळी चालते. आपल्या खाजणांत कोरगुट भात कापल्यावर मानसीपाशी मासळी धरण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. फरक एवढाच की, तेथे ही घडी लक्षावधी कुटुंबांना थोड्या वर्षांत बसवावी लागत आहे, आणि कोळंबीला रोग पडला तर एका हंगामात कर्ज होते.

उतारू तीनच्या सुमारास बसकडे वळतात. वल्हे मारणाऱ्या बाईच्या हातावर एखादी नोट ठेवतात, वडीचे पुडे घेतात. जहाज संध्याकाळी सुटते. त्या वेळी बेटावरच्या बागांतून शेतकरी कालव्याशी येतो. त्याच्या हातात लेखणीएवढे एक विजेचे उपकरण असते. बागेच्या दाराची फळी उचलण्यापूर्वी तो ते पाण्यात बुडवितो आणि मिठाचा आकडा वाचतो. आकडा कमी असला तर फळी वर जाते आणि पाणी झाडांच्या सरींत शिरते. जास्त असला तर फळी तशीच राहते, आणि तो ओहोटीची वाट पाहतो.